सात मजले उभे राहिले, पण दवाखाना कधी सुरू होणार?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं आणि त्यासाठी गावाहून थेट नागपूर गाठावं लागतं. वाटेवरच्या शहरात सरकारी दवाखान्याची उंच इमारत बांधली जातेय, ती तुम्ही एसटीच्या खिडकीतून बघत आलात. पहिलं वर्ष नुसता खड्डा होता. मग बघता बघता सात मजले चढले आणि दिवाळीपासून सगळं सामसूम. स्लॅबला चौकोनी भोकं दिसतात, एका भिंतीला भलंमोठं भगदाड आहे, गच्चीवर सळया उघड्या आहेत. काम बंद पडलं का, काम मजबूत आहे का आणि दवाखाना सुरू कधी होणार, असं तुम्ही विचारलंत. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, "नागपुरात खोली करावी की थांबावं?" माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे त्याच्यासाठीच विचारलेत.

मी स्थापत्य अभियंता. दवाखान्यांच्या इमारतींवर वऱ्हाडात आणि नागपूरकडे बरीच वर्षं काढली, आधी साइटवर उन्हात आणि नंतर बैठकांच्या खोल्यांत. तुम्ही शहराचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी मोघमच सांगता येतील. जमीन कोणती, इमारत सार्वजनिक आरोग्य विभागाची की वैद्यकीय शिक्षण विभागाची, निधी किती आला, या तीन गोष्टींवर बरंच अवलंबून असतं. तरी बाहेर उभं राहून जेवढं वाचता येतं, ते सांगतो.

आधी त्या खड्ड्याचं. लोकांना वाटतं, वर्षभर काहीच झालं नाही. खरं तर त्या वर्षात बरंच महत्त्वाचं काम उरकलेलं असतं. यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा या पट्ट्यात वर काळी माती आणि खाली मुरूम, मग काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तुमच्या शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच ही माती. तिच्यावर सात मजले ठेवता येत नाहीत. ती पूर्ण काढून पक्क्या थरापर्यंत जावं लागतं आणि तो थर एकाच प्लॉटच्या दोन टोकांना सारख्या खोलीवर लागेल याचा भरवसा नसतो. एका कोपऱ्यात चार मीटरवर पाषाण, तर दुसऱ्या कोपऱ्यात आठ मीटरवरही मुरूमच, असं होतं. मग डिझाइन बदलतं, राफ्ट (सगळ्या इमारतीखाली एकच जाड स्लॅब) घ्यायचा की पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) यावर पत्रव्यवहार होतो, आणि तेवढ्यात जूनचा पाऊस येऊन खड्ड्याचं तळं होतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जमीन वेगळी, तिथलं गणितही वेगळं. खड्ड्यात वर्ष गेलं म्हणून मी तरी कुणाला दोष देणार नाही.

मजले भराभर चढले यातही शंका घेण्यासारखं काही नाही. सेंट्रिंगचा सेट बसला आणि पैसा वेळेवर आला, की एक स्लॅब पंधरा-वीस दिवसांत होतो. बघायचं असतं ते वेगळंच. स्लॅब टाकल्यावर त्याला किती दिवस पाणी मारलं आणि खालचे टेकू केव्हा काढले? आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमला २१ दिवस. राखमिश्रित सिमेंट असेल तर पाणी किमान १० दिवस मारायचं आणि आपल्यासारख्या कोरड्या, तापट हवेत १४ दिवस. आपल्याकडे हल्ली बहुतेक सिमेंट राखमिश्रितच येतं. कोराडी-खापरखेडा आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रांची राख हाताशीच आहे. सिमेंट चांगलंच आहे, फक्त त्याला ताकद धरायला वेळ आणि पाणी दोन्ही जास्त लागतं.

विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी स्लॅब टाकणारा ठेकेदार दिसला, तर त्याच्या कामाबद्दल मला शंका येते. काँक्रीट ओततानाचं त्याचं तापमान ४० अंशांच्या खाली हवं आणि बाहेर हवाच ४५ असते. म्हणून जाणता माणूस रात्री काम लावतो. गिट्टीच्या ढिगाऱ्यावर दिवसभर ताडपत्री आणि पाण्याचा फवारा, मिक्सरच्या टाकीत बर्फाच्या लाद्या फोडून टाकलेल्या, कनिष्ठ अभियंता प्रत्येक गाडीच्या काँक्रीटमध्ये थर्मामीटर खुपसून आकडा वहीत उतरवतोय. रात्री अकराला पंप सुरू होतो आणि उजाडायच्या आत शेवटचा पट्टा घासून होतो. ऊन चढायला लागलं की रेजा ओली बारदानं अंथरत पुढे सरकतात आणि दुसऱ्या दिवशी सिमेंट-वाळूची पाळ बांधून त्यात पाणी साठवतात. तुमची सकाळची एसटी त्या वेळी तिथून जात असेल, तर पुढच्या वेळी फक्त एवढंच बघा की कॉलमना गुंडाळलेली बारदानं ओली आहेत की वाळून कडक झालीत. आतलं निम्मं कळतं त्यावरून.

मजबुतीचा पुरावा मात्र डोळ्यांना दिसत नाही, तो रजिस्टरमध्ये असतो. प्रत्येक स्लॅबच्या वेळी १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरतात, त्यांना क्युब म्हणतात, आणि २८ दिवसांनी ते यंत्रात फोडून ताकद मोजतात. किती भरायचे याचाही नियम आहे. १५० घनमीटरचा स्लॅब असेल तर किमान सहा नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्युब, म्हणजे अठरा. सरकारी कामात हे क्युब बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासलेले असतात. नागपूरचं व्हीएनआयटी, अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा जवळचं शासकीय तंत्रनिकेतन अशा ठिकाणी. अहवालावर सही-शिक्का असतो. ठेकेदार नुसता तोंडानं "साहेब, एकदम मजबूत" म्हणाला तर त्याला काही किंमत देऊ नका.

भूकंपाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारणारच. विदर्भाचा बहुतेक भाग कमी धोक्याच्या गटात धरलेला आहे. किल्लारीही ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या गटात होती, हे विसरू नका. म्हणूनच आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत दवाखान्याच्या इमारतीचं भूकंपबळ साध्या घराच्या दीडपट धरायला सांगितलंय. भूकंप झाला तर शाळा बंद ठेवता येते, दवाखाना नाही. त्यामुळे दवाखान्याचे कॉलम शेजारच्या व्यापारी संकुलापेक्षा जाडजूड दिसले तर लगेच "पैसा खाल्ला" असं समजू नका.

आता ती भोकं आणि भगदाड. स्लॅबमधली चौकोनी भोकं मुद्दाम ठेवतात. त्यातून पाण्याचे, सांडपाण्याचे, ऑक्सिजनचे नळ आणि वीजतारा वर जातात. दवाखान्याचा एक मजला चार-साडेचार मीटरचा असतो तो याचसाठी, छताखाली एवढ्या वाहिन्या आडव्या जातात की घरासारखी तीन मीटरची उंची पुरत नाही. भगदाडाचं बहुधा असं असेल, की ते तळमजल्यावर आणि रस्त्याच्या किंवा मोकळ्या पटांगणाच्या बाजूला आहे. ती एमआरआयची जागा असू शकते. एमआरआयचं चुंबक काही टनांचं, दारातून जात नाही. म्हणून एक भिंत शेवटपर्यंत उघडी ठेवतात, क्रेननं यंत्र आत सरकवतात आणि मग भिंत बांधतात. एका गावच्या सरपंचांनी अशाच भिंतीवरून माझ्याशी तासभर वाद घातला होता. यंत्र आलं तेव्हा ते स्वतः बघायला आले. भगदाड वरच्या मजल्यावर, आडबाजूला असेल तर मात्र कारण दुसरं असेल, ते विचारून घ्या.

गच्चीवरच्या सळयांचंही तसंच. पुढे आणखी मजले चढवायचे असतील तर कॉलमच्या सळया वर सोडतात. त्यांना सिमेंटचं पाणी फासलेलं किंवा गुंडाळलेलं असेल तर कुणीतरी विचार करून काम थांबवलंय. नुसत्याच तांबूस गंजत असतील तर हलगर्जी आहे.

काम खरंच बंद आहे का, हे बाहेरून ओळखायला मी तीन-चार गोष्टी बघतो. क्रेन जागेवर आहे की खोलून नेली? मजुरांच्या झोपड्यांत चुली पेटतात का? मिक्सरचा प्लांट आहे की फक्त चौथरा उरलाय? दिवाळीनंतर महिनाभर शुकशुकाट असणं नवं नाही. गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडकडचे मजूर आणि बाहेरच्या राज्यांतले सळईवाले सणाला जातात ते निवांत परततात. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात आणि घाटांचे लिलाव लांबले की रेती मिळत नाही, त्यातही आठवडे जातात. पण क्रेन गेली आणि चौकीदार तेवढा राहिला, तर कारण बहुतेक पैशाचं असतं. एक तर ठेकेदाराची देयकं थकली असतात, नाहीतर खर्च वाढून सुधारित प्रशासकीय मान्यता मंत्रालयात अडकलेली असते. ही मान्यता येईपर्यंत ठेकेदार एक वीटही लावत नाही, आणि व्यवहार म्हणून बघितलं तर त्याचंही बरोबर असतं.

तिसरी शक्यता लोकांच्या लक्षातच येत नाही. सरकारी इमारतीत बांधकामाचं आणि विजेचं काम बहुतेकदा वेगळं असतं. सार्वजनिक बांधकाम विभागाचा विद्युत विभाग स्वतंत्र, त्याची निविदा स्वतंत्र, ठेकेदारही स्वतंत्र. पहिल्याचं सांगाड्याचं काम उरकलं आणि दुसऱ्याला कार्यारंभ आदेशच मिळाला नाही, तर इमारत तशीच उभी राहते. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते.

कारण सांगाडा म्हणजे बैल नसलेली बंडी. दवाखान्याचं निम्म्याहून जास्त काम स्लॅब संपल्यावर सुरू होतं. सर्वांत कमी दिसतं तेही हेच.

पाण्यापासूनच बघा. १०० पेक्षा जास्त खाटांच्या दवाखान्याला खाटेमागे दिवसाला ४५० लिटर पाणी धरतात. २०० खाटा धरल्या तर ९०,००० लिटर झालं, म्हणजे दहा हजारांचे नऊ टँकर रोज. ज्या शहरात उन्हाळ्यात आठवड्यानं नळ येतो, तिथं हे पाणी कुठून येणार, याचं उत्तर कागदावर असलं पाहिजे. तुमच्या वडिलांच्या दृष्टीनं तर हा मुद्दा सर्वांत पुढे आहे. चार तासांच्या एका डायलिसिसला शुद्ध केलेलं पाणीच सुमारे १२० लिटर लागतं आणि ते तयार करताना आरओमधून बरंचसं वाया जातं ते वेगळं. यंत्रं आली पण आरओचा प्लांट बसला नाही, तर ती खोक्यातच राहतात.

मग ऑक्सिजन. त्याचे तांब्याचे नळ आतून तेलमुक्त करून येतात आणि दोन्ही टोकांना टोपणं लावलेली असतात, कारण तेल-धूळ आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की आग लागू शकते. साइटवर गेलात आणि टोपणं काढलेले नळ सिमेंटच्या गोण्यांजवळ लोळताना दिसले, तर तिथला पर्यवेक्षक झोपलाय समजा. द्रवरूप ऑक्सिजनची मोठी टाकी बसवायला 'पेसो'ची, म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची परवानगी लागते, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोल्यांना अणुऊर्जा नियामक परिषदेची मंजुरी लागते, भिंतींची जाडी त्यात तपासली जाते. लिफ्टला वेगळा परवाना.

आग. यावर मी जरा जास्त बोलतो, त्याला कारण आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्याच्या बैठकीत अग्निसुरक्षेचा विषय 'नंतर बघू' म्हणून ढकलणं अवघड झालं, आणि झालं ते बरंच झालं. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे १५ मीटर आणि त्यापुढची इमारत उंच इमारत धरतात, तुमचे सात मजले त्याच्या दुप्पट भरतील. अशा इमारतीला जमिनीखाली आगीसाठीची स्वतंत्र टाकी, पंप, प्रत्येक मजल्यावर पाण्याची नळी, फवारे, धुराचे सूचक आणि खाटेसकट रुग्ण बाजूच्या सुरक्षित भागात सरकवता येईल अशी रचना लागते. चालता न येणाऱ्या माणसाला जिन्यानं उतरवायला वेळ मिळत नाही. अग्निशमन विभागाचं अंतिम ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय रुग्ण वर न्यायचे नाहीत, यावर अडून बसावं लागलं तरी बसावं. पुढेही मालकाला दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, २००६ चा महाराष्ट्राचा कायदा आहे तो.

हे सगळं होऊनही एक गोष्ट राहते आणि ती कुठल्याच अभियंत्याच्या हातात नाही. माणसं. नव्या खाटांसाठी नवी पदं मंजूर झालीत का? डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, सफाई कामगार? पदनिर्मितीचा शासन निर्णय निघतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. इमारत तयार, फीतही कापली आणि वरचे मजले कुलूपबंद, असं आपल्याकडे जिथं दिसतं तिथं बहुतेक पदांचाच घोळ असतो. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आधी होणारं लोकार्पण आणि दवाखाना सुरू होणं, यात मी कधीच गल्लत करत नाही. आधी तळमजल्यावर ओपीडी सुरू होते, शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता कक्ष सर्वांत शेवटी. डायलिसिस मधे कुठंतरी.

मग तुम्ही करायचं काय? साइटच्या फाटकावर कामाचा फलक असतो. त्याचा फोटो काढा. कामाचं नाव, किंमत, ठेकेदार, सुरुवात आणि पूर्णतेची तारीख, दोष दायित्वाचा कालावधी (काम झाल्यावर निघालेले दोष ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत), एवढं त्यावर असतं. फलकच नसेल तर तीही माहितीच. मग उपविभागीय कार्यालयात जाऊन शाखा अभियंत्याला भेटा. भांडायला जाऊ नका, "साहेब, वडिलांसाठी विचारतोय" म्हणा. माझा अनुभव असा की दहातले आठ अभियंते खरं काय ते सांगतात, कारण अडकलेल्या फाइलचा त्यांनाही वैताग आलेला असतो.

नाहीच सांगितलं तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, त्यामुळे गावच्या रस्त्याची तक्रार त्यात घुसडू नका. एका अर्जात विद्युत कामाचा कार्यारंभ आदेश, शेवटचं चालू देयक (काम सुरू असताना ठेकेदाराला टप्प्याटप्प्यानं दिलं जाणारं बिल) आणि सुधारित मान्यतेची सद्यस्थिती मागा. क्युबच्या अहवालांसाठी दुसरा करा. या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. पाहणीला गेलात तर हेल्मेट मागून घ्या आणि लिफ्टच्या खड्ड्यांपासून लांब राहा. कठडे नसलेल्या स्लॅबवर मोबाइलवर शूटिंग करत मागे सरकणारे लोक मी पाहिलेत.

वेळेचा अंदाज द्यायचाच तर असा. सांगाडा पूर्ण, पण आत नळ-तारा नाहीत, अशा सात मजली इमारतीला पैसा आणि मान्यता सुरळीत असल्या तरी वर्ष ते दीड वर्ष लागतं. मान्यता अडकली असेल तर त्यात कितीही भर पडू शकते. तुम्ही मजले मोजणं सोडा आणि फाटकातून आत काय जातंय ते बघा. टाइल्स आणि दारांच्या चौकटी जायला लागल्या तर अजून बराच अवकाश आहे. रोहित्र, जनरेटर आणि लिफ्टचे खोके आले तर सहा-आठ महिने धरा. ऑक्सिजनची टाकी उभी राहिली आणि महावितरणची स्वतंत्र वाहिनी जोडली गेली, की मग नागपूरच्या डॉक्टरांना कागदपत्रं इकडे पाठवण्याबद्दल विचारायला हरकत नाही.

म्हणजे आज या इमारतीच्या भरवशावर थांबू नका. पण खोली करण्याआधी एक काम करा. तुमच्या जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि सध्याच्या जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची यंत्रं किती आहेत आणि प्रतीक्षा यादी किती लांब आहे, ते फोनवर न विचारता तिथल्या तंत्रज्ञाला भेटून विचारा. नाव आजच लावून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. जागा मिळाली तर खोलीची गरज उरणार नाही. नाही मिळाली तर नागपुरात अकरा महिन्यांचा करार करा, त्याहून लांबचा नको, आणि खोली दवाखान्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बघा. डायलिसिस झाल्यावर वडिलांना ऑटोसाठी रस्त्यावर उभं राहावं लागू नये.

फलकाचा फोटो मिळाला तर इथे टाका. तारखा आणि किंमत बघून आणखी नेमकं सांगता येईल.